बंदुकीचा खजिना

साहित्यपरिषदेच्या व्यासपीठावर ‘मॅगझिन’ हा शब्द उच्चारला की डोळ्यांपुढे मासिक येते. आज मला दुसऱ्या मॅगझिनविषयी बोलायचे आहे. रायफलीच्या पोटाखाली बसणाऱ्या काडतुसांच्या पेटीला हेच नाव आहे, आणि दोन्ही अर्थांचे मूळ एकच. अरबी भाषेत ‘मखझन’ म्हणजे साठवणीची जागा, कोठार. तो शब्द भूमध्य समुद्राच्या बंदरांतून फ्रेंचमध्ये आणि तिथून इंग्रजीत गेला. आधी त्याचा अर्थ दारूगोळ्याचे कोठार असा होता. लंडनमध्ये १७३१ साली ‘जंटलमन्स मॅगझिन’ निघाले तेव्हा लेखांचे कोठार म्हणून तो नियतकालिकाला चिकटला. त्याच अरबी धातूपासून आलेला आपल्या रोजच्या वापरातला शब्द म्हणजे ‘खजिना’. एक भावंड आपल्याकडे फारसीच्या वाटेने आले, दुसरे इंग्रजीच्या.

बंदुकीच्या या खजिन्याचा इतिहास फारसा कोणी सांगत नाही. नळीचा सांगतात, गोळीचा सांगतात, नेमबाजीचा तर भरभरून सांगतात. पण रायफल ऐन वेळी अडकली तर दोष बहुतेक वेळा नळीत नसतो. पत्र्याच्या त्या साध्या पेटीत असतो. निवृत्त जवान आणि पोलीस गप्पांना बसले की एक वाद हमखास निघतो. जुनी थ्री-नॉट-थ्री कधी दगा देत नसे, नवीन रायफली प्लास्टिकच्या, असे एक पक्ष म्हणतो. दुसरा पक्ष हसतो आणि विचारतो, मग मुंबईत २००८ साली काय झाले? या दोन्ही पक्षांचे म्हणणे इतिहासाच्या कसोटीवर लावून पाहावे, इतकाच आजचा हेतू.

आधी ही वस्तू समजून घेऊ. मॅगझिनचे भाग चारच. बाहेरची पेटी, तळाशी दाबून बसवलेली स्प्रिंग, स्प्रिंगवर टेकलेली आणि काडतुसांना वर ढकलणारी पट्टी (जिला शस्त्रागारात ‘फॉलोअर’ म्हणतात), आणि पेटीच्या तोंडाशी आत वळवलेल्या दोन कडा. या कडांना ओठ म्हणतात. वरचे काडतूस ओठांत अडकून थांबलेले असते. बोल्ट पुढे सरकताना ते ओठांतून सुटते आणि चेंबरमध्ये शिरते. ओठ केसभर वाकले तर काडतूस तिरके जाते. स्प्रिंग मंदावली तर काडतूस वर येण्याआधीच बोल्ट त्यावरून निघून जातो. पट्टी कलली तर काडतुसाचे नाक खाली झुकते. पेटीला पोचा पडला तर सगळेच अडते. चार भाग आणि चार तऱ्हेचे दगे. जुन्या-नव्याची तुलना करायची ती या चारांवर.

सुटी होणारी पेटी ही जेम्स पॅरिस ली याची कल्पना. जन्माने स्कॉटिश, बालपण कॅनडात आणि कर्तृत्व अमेरिकेत, अशा या कारागिराने १८७९ साली तिचे पेटंट घेतले. ब्रिटिश सैन्याने १८८८ मध्ये ली-मेटफर्ड रायफल स्वीकारली ती या पेटीसह. आधी आत आठ काडतुसे एका रांगेत बसत. १८९२ च्या नमुन्यात ती दोन रांगांत आडवी-तिडवी बसवून दहा केली. त्यापुढची ली-एनफील्ड आली १८९५ मध्ये. हीच आपली थ्री-नॉट-थ्री.

पण ज्या सैन्याने ही पेटी स्वीकारली त्याचा तिच्यावर विश्वास नव्हता. शिपायाच्या हाती दहा गोळ्या एकदम दिल्या तर तो त्या उधळील, अशी वरिष्ठांना धास्ती. म्हणून पेटीच्या तोंडावर सरकणारी एक लोखंडी झडप बसवली. झडप बंद ठेवायची, एकेक काडतूस हाताने घालून झाडायचे, आणि पेटीतला साठा अधिकाऱ्याचा हुकूम होईपर्यंत राखून ठेवायचा. सुरुवातीच्या ली-मेटफर्डवर तर पेटी हरवू नये म्हणून ती साखळीच्या कडीने रायफलीला बांधलेली असे. खजिना दिला, वर कुलूप घातले, आणि किल्ली साहेबाकडे.

बोअर युद्धात माउझर रायफली धरलेल्या शेतकऱ्यांनी या शहाणपणाचा निकाल लावला. पाच काडतुसे एका पोलादी पट्टीत धरून ती एका दाबात रायफलीत उतरवायची, ही सोय माउझरला होती. ब्रिटिश शिपाई एकेक काडतूस घालत बसे. त्यानंतर १९०३ च्या छोट्या ली-एनफील्डमध्ये चार्जरची, म्हणजे त्या पट्टीची, सोय आली. महायुद्धाच्या धामधुमीत झडपही गेली.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी, कारण पुढचा सगळा हिशेब तिच्यावर आहे. ली-एनफील्डची पेटी सुटी होत असली तरी लढाईत ती काढायची नसे. शिपायाला रायफलीबरोबर एकच पेटी मिळे. ती रायफलीतच राही, साफसफाईपुरती बाहेर येई, आणि काडतुसे वरून भरली जात. जी वस्तू दिवसातून दहा वेळा दगडांवर पडत नाही, खिशात इतर पेट्यांवर आपटत नाही, तिचे ओठ वाकायचे कारण काय? थ्री-नॉट-थ्रीच्या मॅगझिनची जी कीर्ती आहे तिचा निम्मा वाटा पोलादाचा असेल, उरलेला या बैठ्या आयुष्याचा.

आणि तरीही ते निर्दोष नव्हते. .३०३ काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कडा असते. काडतुसाचे अंग बुडाशी साडेअकरा मिलिमीटरच्या आसपास, तर कडा साडेतेराहून अधिक. वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या कडेच्या पुढे असली पाहिजे. ती मागे राहिली की दोन्ही कडा एकमेकींत अडकतात आणि बोल्ट कितीही रेटला तरी वरचे काडतूस हलत नाही. म्हणजे मॅगझिनचा भरवसा ते भरणाऱ्या बोटांवर होता. कवायतीत हे इतके घोटून घेतले जाई की ते यंत्राचे वैगुण्य आहे याचा शिपायाला विसर पडे. मिनिटाला पंधरा नेमक्या गोळ्या झाडणारे १९१४ चे ब्रिटिश पायदळ प्रसिद्धच आहे. त्या पंधरांतल्या पहिल्या दहांनंतरची प्रत्येक गोळी बोटांच्या सवयीने आत गेलेली होती.

आपल्या लोकांच्या हाती हे शस्त्र कधी आले, हा प्रश्न बडोद्यात तरी विचारला पाहिजे. १८५७ नंतर इंग्रजांनी एक धोरण कटाक्षाने पाळले: हिंदी पलटण शस्त्राच्या बाबतीत गोऱ्या पलटणीच्या एक पिढी मागे राहिली पाहिजे. गोऱ्यांना मागून भरायची स्नायडर मिळाली तेव्हा हिंदी शिपाई तोंडाकडून बार भरत होता. त्यांना मार्टिनी-हेन्री मिळाली तेव्हा त्याला स्नायडर. ली-मेटफर्ड मिळाली तेव्हा त्याला मार्टिनी. संस्थानी फौजांची अवस्था याहून वेगळी कुठली असणार? मल्हारराव महाराजांनी करवलेल्या सोन्याच्या तोफा मिरवायला रेसिडेंटाची हरकत नव्हती. सोन्याच्या तोफेने सरकारचे काय बिघडणार! हरकत नव्या नमुन्याच्या रायफलींना होती. त्यामुळे ‘जुने शस्त्र भरवशाचे’ हे वाक्य आपल्या इतिहासात पुष्कळदा देणाऱ्याच्या सोयीचे होते, हे विसरू नये. १९१४ च्या शरदात हिंदी कोअर मार्सेल्सला उतरली तेव्हा शिपायांच्या जुन्या रायफली बंदरातच काढून घेऊन नव्या द्याव्या लागल्या. अनोळखी रायफल हाती घेऊन ती माणसे काही दिवसांतच फ्लँडर्सच्या चिखलात उभी राहिली. मेसोपोटेमियात पूना डिव्हिजनबरोबर गेलेल्या १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी कूत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकल्या, तिथे चिखलाबरोबर धूळही होती. ११७ व्या पलटणीला पुढे ‘रॉयल’ ही पदवी मिळाली.

त्याच महायुद्धात मॅगझिनच्या इतिहासातले सर्वांत बदनाम प्रकरण घडले. फ्रेंचांनी १९१५ मध्ये शोशा नावाची हलकी मशीनगन काढली. तिचे मॅगझिन अर्ध्या चंद्राच्या आकाराचे, वीस गोळ्यांचे, आणि एका बाजूने उघडे. किती गोळ्या उरल्या ते शिपायाला दिसावे हा हेतू. हेतू चांगलाच म्हणायचा. पण खंदकात त्या खिडक्यांतून चिखल आत गेला. गोळ्यांची संख्या दिसत राहिली, गोळ्या मात्र वर येईनाशा झाल्या. ही खिडकी लक्षात ठेवा. ती आपल्याला पुन्हा भेटणार आहे, पुण्यात.

दुसऱ्या महायुद्धात मॅगझिनचे आयुष्य पालटले. आता ते संपले की काढून फेकायचे आणि दुसरे चढवायचे. ईशापूरच्या कारखान्यातही १९४२ पासून होऊ लागलेल्या ब्रेनगनचे मॅगझिन वरून बसणारे, वाकडे, तीस गोळ्यांचे. पण जाणते शिपाई त्यात अठ्ठावीसच भरत. उरलेल्या दोन गोळ्यांची जागा ते स्प्रिंगला श्वास घ्यायला ठेवत. कारखान्याचा आकडा आणि शिपायाचा आकडा यांतले हे अंतर पुढे प्रत्येक नव्या मॅगझिनच्या बाबतीत दिसते. एखाद्या शस्त्राचा खरा भरवसा किती, हे मला विचाराल तर मी छापील पुस्तिका बाजूला ठेवून शिपाई किती गोळ्या कमी भरतो ते पाहीन.

मॅगझिन बदलायला लागणारे दोन-तीन सेकंद म्हणजे काय, हे सांगणारी एक घटना मराठी माणसाच्या नावावर नोंदलेली आहे. १० जुलै १९४४, इटलीतले वरच्या टायबर नदीचे खोरे. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनची एक तुकडी मशीनगनच्या माऱ्यात सापडली. तुकडीचा नायक यशवंत घाडगे, आजच्या रायगड जिल्ह्यातल्या माणगाव भागातला, वय बावीस. त्याच्याखेरीज तुकडीतले सगळे मारले गेले किंवा घायाळ झाले. तो एकटा धावत गेला. हातगोळ्याने त्याने मशीनगन आणि ती चालवणारा या दोघांना गप्प केले, मग टॉमीगनने आणखी एकाला पाडले. समोर अजून दोघे होते. त्याच्या व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानपत्रात पुढे असे नोंदले आहे की मॅगझिन बदलायला वेळ नसल्यामुळे त्याने बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना तिच्या फटक्यांनी मारले. त्यानंतर शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या त्याला लागल्या आणि तो तिथेच पडला. क्रॉस मरणोत्तर मिळाला. सरकारी मानपत्रात एका यंत्राच्या भागाचा असा उल्लेख विरळाच. त्याच्या टॉमीगनचे मॅगझिन अडकले नव्हते. ते चोख होते, पोलादी होते, आणि रिकामे झाले होते.

हीच गोष्ट १८ नोव्हेंबर १९६२ रोजी रेझांग ला इथे मोठ्या प्रमाणावर घडली. मेजर शैतान सिंग यांच्या हाताखाली १३ कुमाऊँ बटालियनचे सुमारे १२० जवान, उंची सोळा हजार फुटांहून अधिक, थंडी हाडे फोडणारी, आणि हातात थ्री-नॉट-थ्री. पोलादी पेटीला थंडीने तडा जात नाही. पण दर गोळीमागे बोल्ट हाताने मागेपुढे करावा लागतो, आणि समोरून येणाऱ्यांकडे स्वयंचलित शस्त्रे होती. जुन्या मॅगझिनच्या बाजूने बोलणाऱ्यांनी रेझांग ला विसरू नये. विश्वासू असणे आणि पुरेसे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

त्या पराभवानंतर ईशापूरने ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसासाठी जुन्याच सांगाड्यावर २ए आणि २ए१ या रायफली काढल्या. या काडतुसाला बाहेर आलेली कडा नाही, त्यामुळे कडा अडकण्याचा सत्तर वर्षांचा रोग एका फटक्यात गेला. मॅगझिन बारा गोळ्यांचे, चौकोनी, दिसायला ओबडधोबड आणि कामाला पक्के. पाठोपाठ एसएलआर आली, वीस गोळ्यांची, पोलादी मॅगझिनची. तिच्याबद्दलची मुख्य तक्रार वजनाची. तिच्या मॅगझिनवर मी अधिक वेळ घेत नाही, कारण तक्रारीच कमी आहेत आणि तक्रारीवाचून इतिहास लिहिता येत नाही.

जगात तोवर कलाश्निकोव्हची रायफल पसरली होती. ती १९४९ मध्ये सोव्हिएत सैन्याने स्वीकारली. तिच्या काडतुसाचे अंग बुडाकडून नाकाकडे निमुळते होत जाते, म्हणून एकावर एक ठेवली की ती आपोआप कमान धरतात आणि मॅगझिनही केळ्यासारखे वाकते. तीस गोळ्यांचे रिकामे पोलादी मॅगझिन तीनशे ग्रॅमच्या पुढे जाते. ओठ जाड, पत्र्याला दाबून उठवलेल्या शिरा. अमेरिकनांनी याच काळात उलटा रस्ता धरला. एम-१६ चे मॅगझिन अ‍ॅल्युमिनियमचे, इतके हलके की तिसाचेही सव्वाशे ग्रॅमच्या आत. अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा ऊन-पावसात किती टिकतो ते या शहराने ई.एम.ई. स्कूलच्या आवारातल्या दक्षिणामूर्ती मंदिरावर पाहिले आहे. पण मंदिर कोणी पाठीवर घेऊन पळत नाही आणि दगडावर आपटत नाही. व्हिएतनाममध्ये वीसाच्या मॅगझिनमध्ये शिपाई अठराच भरू लागले. पुढे अमेरिकनांनी आतली पट्टी पुन्हापुन्हा बदलली, काळी, मग हिरवी, मग मातकट, दर वेळी ती कमी कलावी म्हणून. ब्रिटिशांच्या एसए-८० रायफलीला तर या शतकाच्या आरंभी जर्मन कंपनीकडून दुरुस्त करून घ्यावे लागले आणि त्या दुरुस्तीत नवे पोलादी मॅगझिन आले. तेव्हा नव्या मॅगझिनने दगा देणे हे काही आपल्याच देशाचे दुर्दैव नव्हे.

आता पुण्याकडे. पाषाणच्या शस्त्रास्त्र संशोधन व विकास संस्थेत आपली स्वदेशी रायफल घडली, इन्सास. तिच्या ५.५६ मिलिमीटरच्या काडतुसांशी महाराष्ट्राचा संबंध जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या कारखान्यामुळेही येतो. रायफल तयार व्हायला इतका वेळ लागला की मधल्या काळात काश्मीरसाठी पूर्व युरोपातून एके जातीच्या रायफली विकत घ्याव्या लागल्या. १९९८ च्या सुमारास इन्सास सैन्यात आली. तिच्या आतल्या वायुयंत्रणेवर कलाश्निकोव्हची छाप स्पष्ट आहे. मॅगझिन मात्र कलाश्निकोव्हचे घेतले नाही. ते घेतले प्लास्टिकचे, वीस गोळ्यांचे आणि अर्धपारदर्शक, आत किती गोळ्या उरल्या ते शिपायाला दिसावे म्हणून. शोशाची खिडकी अशी ऐंशी वर्षांनी परत आली. या वेळी चिखल आत जाणार नव्हता, ही सुधारणा खरीच.

१९९९ च्या उन्हाळ्यात ही रायफल कारगिलला गेली. तिथल्या उंचीवर उन्हाळा नावापुरता. थंडीत मॅगझिनना तडे गेले. रायफली अडकल्या. तीन गोळ्यांच्या फैरीवर ठेवलेली रायफल थांबेचना, अशाही तक्रारी आल्या. प्लास्टिक थंडीत ठिसूळ का होते, हे बडोद्यात कोणाला सांगायला नको. १९६९ मध्ये आय.पी.सी.एल. ज्या गावाच्या वेशीवर उभी राहिली, तिथल्या घराघरांत एखादा तरी माणूस पॉलिमरवर जगला आहे. प्रत्येक प्लास्टिकला एक तापमान असते, त्याखाली ते लवचिकपणा सोडून काचेसारखे वागू लागते. त्या मर्यादेच्या अलीकडे ते पोलादापेक्षाही सोयीचे: गंजत नाही, पोचा पडून राहत नाही, पुन्हा मूळ आकारात येते. तेव्हा दोष प्लास्टिक निवडण्याचा नव्हता. ज्या देशाची सीमा सियाचीनला भिडते, त्याच्या रायफलीसाठी कोणते प्लास्टिक, आणि ते कोणत्या थंडीत किती वेळा दगडावर टाकून पाहिले, हा खरा प्रश्न होता. कलाभवनात सयाजीराव महाराजांनी १८९० पासून जे शिक्षण सुरू केले त्याचा पहिला धडा हाच असावा की नमुना कारखान्यात पास झाला म्हणजे वस्तू पास झाली असे नाही.

मॅगझिनचे प्लास्टिक आणि रायफलीचे इतर काही भाग पुढे सुधारले गेले. पण नाव एकदा गेले की दुरुस्तीला ते परत आणता येत नाही. २००५ मध्ये नेपाळच्या कालीकोट जिल्ह्यात माओवाद्यांशी झालेल्या लढाईत ४३ सैनिक पडले, तेव्हा नेपाळी सैन्याने इन्सासकडे बोट दाखवले. रायफल अतोनात तापवली, नीट वापरली नाही, असे भारतीय बाजूचे उत्तर होते. दोन्ही म्हणण्यांत तथ्य असू शकेल. मला मात्र हे उत्तर पुरेसे वाटत नाही. थ्री-नॉट-थ्रीच्या कडांचा दोष कवायतीने झाकला गेला होता. इन्सासचे दोष झाकील अशी कवायत आपण देऊ केली होती का?

राहिला मुंबईचा प्रश्न. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर काही पोलिसांकडे थ्री-नॉट-थ्री होत्या, आणि हल्लेखोरांकडे एके-४७ व खांद्यावरच्या पिशव्यांत भरलेली मॅगझिने. त्या रात्रीवरून जुने मॅगझिन निकामी ठरवणे मला मान्य नाही. पोलादी स्प्रिंग नुसती दाबून ठेवल्याने फारशी मरत नाही. ती शेकडो वेळा दाबून-सोडून थकते, किंवा गंजते. खरे म्हातारपण इतरत्र येते: वर्षानुवर्षे न झाडलेल्या काडतुसांना, तेल न लागलेल्या पेटीला, आणि भरण्याची सवय सुटलेल्या बोटांना. राम प्रधान समितीच्या अहवालात हे नोंदले गेले की काडतुसांअभावी शीघ्र प्रतिसाद पथकाच्याही गोळीबाराच्या सरावाला खंड पडला होता. त्या पथकाची ही कथा, तर फलाटावरच्या शिपायाची काय असेल? कडांच्या दोषाला कवायतीचा जो टेकू होता तो काढून घेतला, आणि मग रायफल जुनी म्हणून दोष दिला. गिरगाव चौपाटीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी कसाबच्या एके-४७ ची नळी हातांनी धरून ठेवली आणि गोळ्या अंगावर घेतल्या, तेव्हा त्यांच्याकडे तर लाठीच होती.

उत्तर प्रदेश पोलिसांनी २६ जानेवारी २०२० च्या संचलनात थ्री-नॉट-थ्रीला रीतसर निरोप दिला. इतर राज्यांतही ती शस्त्रागारांच्या मागच्या फळीवर गेली आहे. सैन्याने २०१९ मध्ये अमेरिकेकडून ७२,४०० सिग रायफलींचा करार केला, आणि अमेठीजवळ कोरवा इथे रशियाच्या सहकार्याने एके-२०३ बनू लागली. या नव्या रायफलीचे काडतूस कलाश्निकोव्हचे तेच जुने निमुळते, मॅगझिनची कमान तीच, गोळ्या तीसच. पोलाद मात्र गेले आहे. पेटी पुन्हा प्लास्टिकची आहे.